फोल ब्लांश : खुंट बदलला अन् ब्रँडीचे द्राक्ष मागे पडले

बोरी अरब : संत्र्याची रोपे घेताना आपल्याकडचा शेतकरी आधी खुंट विचारतो. जंबेरी की रंगपूर? वरचा डोळा नागपुरी संत्र्याचाच असतो, पण डिंक्या किती छळणार हे खालच्या मुळावर बरेच अवलंबून असते. फ्रान्समध्ये सव्वाशे वर्षांपूर्वी अशाच खुंटापायी एका द्राक्षाचे नशीब फिरले. त्याचे नाव फोल ब्लांश.

हे पांढरे, म्हणजे दिसायला हिरवट, द्राक्ष पश्चिम फ्रान्समधले. कोन्याक आणि आर्मान्याक या ब्रँडीच्या दोन्ही मुलखांत एकेकाळी त्याचेच राज्य होते. साखर कमी, आंबटपणा भरपूर. आपल्या बाजारात थॉम्पसन, सोनाका गोडीवर विकतात. तिथे याला कोणी विचारणार नाही. ब्रँडीला मात्र नेमके हेच लागते. ब्रँडी म्हणजे वाईन भट्टीवर चढवून काढलेला अर्क. वाईन टिकावी म्हणून एरवी तिच्यात गंधकाचा अंश घालतात, पण भट्टीत त्याचा दोष अर्कात उतरतो. म्हणून इथे वाईन राखण्याचे काम आंबटपणाच करतो. साखर कमी असल्याने वाईनही हलकी, ९-१० टक्क्यांची. एक लिटर अर्काला अशी साधारण नऊ लिटर वाईन आटवावी लागते, त्यामुळे द्राक्षाचा सुगंध अर्कात दाट उतरतो.

१८७० नंतर कोन्याकमध्ये फायलोक्सेरा शिरली. माव्याच्या जवळची ही अमेरिकन कीड मुळांवर जगते आणि वेल वाळवते. सुमारे २ लाख ८० हजार हेक्टर बागांपैकी १८९३ मध्ये ४० हजारांच्या आसपासच उरल्या. उपायही अमेरिकेतच सापडला, कारण तिथल्या रानवेलींची मुळे ही कीड सोसतात. कोन्याकच्या चुनखडी जमिनीत तगेल असा खुंट शोधायला १८८७ मध्ये प्येर व्याला अमेरिकेत गेले. टेक्सासमध्ये त्यांना टी. व्ही. मन्सन यांची मोठी मदत झाली. (नाशिक-सांगलीकडे खारवट जमीन अन् पाणीटंचाईसाठी वापरतात तो डॉगरिज खुंटही मूळचा टेक्सासचाच.)

कलमांवर बागा पुन्हा उभ्या राहिल्या, पण फोल ब्लांशचे बिनसले. नव्या खुंटावर वेलीचा जोर वाढला, घड गच्च भरू लागले. मण्यांमध्ये हवा खेळेना, ओल राहू लागली, बुरशीने घडच्या घड सडू लागले. शेतकरी उन्यी ब्लांकडे वळला. हे इटलीचे त्रेब्बियानो. आंबट तेही, उशिरा पिकते, पण सडीला दाद देत नाही. आज कोन्याकमधली ९५ टक्क्यांहून जास्त लागवड त्याचीच आहे.

फोल ब्लांश संपले मात्र नाही. आर्मान्याकमध्ये थोडे टिकून आहे, अन् लुआर नदीच्या मुखाकडे ‘ग्रो प्लां’ नावाने त्याची साधी पांढरी वाईन होते. १८९८ मध्ये फ्रांस्वा बाको या शिक्षकाने नोआ या अमेरिकन वंशाच्या जातीशी त्याचा संकर केला. तो ‘बाको २२ ए’ आर्मान्याकच्या भट्ट्यांवर आजही जातो.