दोन चाकांचा ताळेबंद

दहावीचा निकाल लागला की अनेक घरांत एक वाद सुरू होतो. मुलाला मोटारसायकल हवी असते. आई म्हणते, "अठरा पूर्ण होऊ देत, तोवर सायकलच बरी." मुलगा विचारतो, "का? सायकलवरून कोणी पडत नाही का?" यावर आई बहुधा आवाज चढवते आणि वाद तिथेच संपतो. पण मुलाचा प्रश्न रास्त आहे. दोन्ही वाहनांना दोनच चाके, दोन्हींवर माणूस उघडा, तोल गेला तर दोन्हींवरून पडायचेच. मग फरक कशात आहे? फायदा किती आणि धोका किती, याचा हिशेब माणसाने कसा शिकत आणला, त्याची ही थोडक्यात कथा.

उंच चाकाचा धडा

1870 नंतरच्या दशकात इंग्लंडमध्ये जी सायकल लोकप्रिय झाली तिचे पुढचे चाक प्रचंड मोठे आणि मागचे अगदी लहान असे. हा केवळ हौसेचा भाग नव्हता. त्या सायकलला साखळी नव्हती. पायडल थेट पुढच्या चाकाच्या आसाला जोडलेले. पायडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. दीड मीटर व्यासाचे चाक एका फेऱ्यात सुमारे 4.7 मीटर पुढे जाते. म्हणजे वेग हवा असेल तर चाक मोठे करणे एवढाच मार्ग होता, आणि मर्यादा होती ती स्वाराच्या पायांच्या लांबीची.

पण या उंच चाकावर स्वार जवळजवळ आसाच्या वरच बसे. चाकापुढे मोठा दगड आला की सायकल थांबे, स्वार मात्र जडत्वामुळे पुढे जाई आणि डोक्यावर आपटे. ज्या चाकामुळे वेग मिळत होता त्याच चाकामुळे कपाळमोक्ष होत होता. फायदा आणि धोका एकाच आसाला बांधलेले होते.

1885 मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली यांनी 'रोव्हर' सायकल आणली. साखळीने मागचे चाक फिरवले की चाक लहान ठेवूनही वेग मिळतो, हे तिने दाखवून दिले. 1888 मध्ये बेलफास्टच्या डनलॉप यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले आणि हादरेही कमी झाले. या नव्या वाहनाला लोक 'सुरक्षित सायकल' म्हणू लागले. आज आपण चालवतो ती हीच. यातला धडा महत्त्वाचा आहे. धोका हा फायद्याची अटळ किंमत असतोच असे नाही. रचना बदलली की दोघांची फारकत करता येते.

ही सायकल स्त्रियाही चालवू लागल्या, तेव्हा काही डॉक्टरांना वेगळीच चिंता पडली. सायकल चालवून चेहरा कायमचा ताणलेला आणि थकलेला होतो, असे 1890 च्या दशकात गंभीरपणे लिहिले गेले. किती स्त्रियांचे चेहरे तपासले आणि सायकल न चालवणाऱ्यांशी त्यांची तुलना केली का, हे प्रश्न विचारले गेले असते तर ती चिंता टिकली नसती. मोजणीविना केलेला धोक्याचा हिशेब असा फसतो.

एक अपघात आणि एक डॉक्टर

13 मे 1935. पहिल्या महायुद्धातील कामगिरीमुळे 'अरबस्तानचा लॉरेन्स' म्हणून प्रसिद्ध असलेले टी. ई. लॉरेन्स इंग्लंडमधील डॉर्सेट परगण्यात आपल्या शक्तिमान ब्रफ सुपीरियर मोटारसायकलवरून घरी निघाले होते. रस्त्याच्या खोलगट भागात त्यांना सायकलवरची दोन मुले अचानक दिसली. त्यांना चुकवताना लॉरेन्स फेकले गेले. डोक्याला जबर मार बसला आणि सहा दिवसांनी, 19 मे रोजी, वयाच्या 46 व्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. डोक्यावर शिरस्त्राण नव्हते. त्या काळी ते शर्यतींतच वापरत.

त्यांच्यावर उपचार करण्यासाठी बोलावलेल्यांत ह्यू केर्न्स हे मूळचे ऑस्ट्रेलियाचे मेंदूशल्यविशारद होते. पुढे ते ऑक्सफर्डला शल्यचिकित्सेचे प्राध्यापक झाले आणि दुसऱ्या महायुद्धात सैन्याचे सल्लागार. सैन्यात निरोप पोचवणारे मोटारसायकलस्वार पुष्कळ होते, आणि ते शत्रूच्या गोळीने नव्हे तर रस्त्यावर मरत होते.

1941 मध्ये केर्न्स यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक लेख प्रसिद्ध केला. युद्धाच्या पहिल्या 21 महिन्यांत ब्रिटनमध्ये 2279 मोटारसायकलस्वार आणि मागे बसणारे रस्त्यावर मरण पावले होते, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या मृत्यूचे कारण डोक्याची दुखापत होते. हेल्मेट घातलेले अपघातग्रस्त मात्र केर्न्स यांना फक्त सातच आढळले, आणि ते सातही वाचले होते.

हे उदाहरण वर्गात चर्चेला घेण्याजोगे आहे. सात माणसांवरून काही सिद्ध होते का? नाही. सात ही फार लहान संख्या आहे. शिवाय हेल्मेटमुळे ज्यांना काहीच झाले नाही ते रुग्णालयात येणारच नाहीत, आणि जे जागीच गेले तेही येणार नाहीत. पण हा एक बळकट इशारा होता. सैन्याने नोव्हेंबर 1941 मध्ये कामावरच्या मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. 1946 मध्ये केर्न्स यांनी युद्धकाळातील मृत्यूंचे आकडे पुन्हा मांडले, तेव्हा त्यांत मोठी घट दिसत होती. युद्धात पेट्रोलही नियंत्रित होते, त्यामुळे सगळे श्रेय हेल्मेटला देता येत नाही. निर्णायक पुरावा जमायला आणखी कित्येक वर्षे लागली. 2008 साली अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. त्यात हेल्मेटमुळे मोटारसायकलस्वाराच्या मृत्यूची शक्यता सुमारे 42 टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीची सुमारे 69 टक्क्यांनी कमी होते असे दिसले. ब्रिटनमध्ये सर्वांसाठी सक्ती आली ती 1973 मध्ये, केर्न्स यांच्या लेखानंतर 32 वर्षांनी.

मजल्यांचा हिशेब

आता मुलाच्या प्रश्नाकडे वळू. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते हे नववीत शिकवले जाते. त्याचा अर्थ जाणवून द्यायचा असेल तर वेगाचे रूपांतर उंचीत करावे. किती उंचीवरून पडले असता तेवढाच वेग येतो, हे वेगाच्या वर्गाला गुरुत्व त्वरणाच्या दुपटीने भागून मिळते.

सायकलचा वेग ताशी 15 किलोमीटर धरला तर उत्तर येते सुमारे 0.9 मीटर, म्हणजे टेबलाची उंची. ताशी 30 ला 3.5 मीटर, म्हणजे पहिला मजला. ताशी 60 ला सुमारे 14 मीटर, म्हणजे चौथा-पाचवा मजला! वेग चौपट, उंची सोळापट. टेबलावरून पडणे आणि चौथ्या मजल्यावरून पडणे यांना आपण एकच शब्द वापरतो, हीच खरी गफलत आहे.

हेल्मेट इथे काय करते? डोके थांबायला जे अंतर मिळते ते वाढवते. डोके 1.8 मीटर उंचीवरून, म्हणजे उभ्या माणसाच्या उंचीवरून, रस्त्यावर आपटले आणि 3 मिलिमीटरमध्ये थांबले, तर त्याचे ऋण त्वरण गुरुत्व त्वरणाच्या 600 पट होते. आतले थर्मोकोलसारखे अस्तर चेपून तेच अंतर 25 मिलिमीटर झाले, तर ते 72 पटींवर येते. बाहेरचे कवच आपल्याला दिसते, पण डोके वाचवण्याचे बरेचसे काम आतले चेपणारे अस्तर करते. म्हणूनच एकदा जोरात आपटलेले हेल्मेट बाहेरून धड दिसले तरी टाकून द्यावे. आणि पट्टा न लावलेले हेल्मेट डोके आपटण्याआधीच निघून जाते.

फायद्याची बाजू

सायकलस्वारालाही धोका आहेच. त्याच्या स्वतःच्या वेगाची ऊर्जा थोडी असते. जीवघेणी ऊर्जा येते ती त्याला धडकणाऱ्या ट्रकची किंवा मोटारीची. पण सायकलच्या जमेच्या बाजूला एक मोठी रक्कम आहे. कोपनहेगनमध्ये सुमारे 30 हजार लोकांचा सरासरी साडेचौदा वर्षे मागोवा घेतला गेला. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात कामावर सायकलने न जाणाऱ्यांचा मृत्युदर जाणाऱ्यांपेक्षा 39 टक्क्यांनी जास्त आढळला, तोही इतर व्यायाम हिशेबात धरून. 2010 मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी थेट ताळेबंदच मांडला. मोटार सोडून सायकल घेणाऱ्याचे आयुष्य व्यायामामुळे 3 ते 14 महिने वाढते, अपघातांमुळे 5 ते 9 दिवस घटते, आणि श्वासावाटे जाणाऱ्या प्रदूषणामुळे फार तर 40 दिवस. हे अर्थात सायकलसाठी वेगळे मार्ग असलेल्या देशाचे आकडे आहेत. आपल्या रस्त्यांवर खर्चाची बाजू फुगेल. ती कमी करणे हे रस्त्यांच्या रचनेचे काम आहे, उंच चाकाच्या जागी साखळी आणण्यासारखे.

मोटारसायकलचे फायदेही खोटे नाहीत. रात्रपाळीची परिचारिका, दूध घालणारा, दूरच्या शाळेवर जाणारे आपल्यातलेच शिक्षक यांचा वेळ आणि रोजगार तिच्यावर चालतो. पण तिच्या जमेच्या बाजूला व्यायाम नाही, धोका भरून काढणारी आयुष्याची कमाई नाही. म्हणून तिच्या बाबतीत खर्च कमी करणे एवढेच हाती उरते: वेग, हेल्मेट आणि शुद्धीवर असणे. 2022 मध्ये भारतात रस्त्यांवर 1,68,491 माणसे मरण पावली. त्यांतली सुमारे 44 टक्के दुचाकीवरची होती.

संशोधक विद्यार्थी असताना मी स्वतः हेल्मेट कोपरात अडकवून गाडी चालवत असे. जडत्वाचे गणित येत होते, पण ते आपल्या डोक्यालाही लागू होते हे मनात उतरले नव्हते. म्हणून एक सुचवावेसे वाटते. एखाद्या सकाळी विद्यार्थ्यांना शाळेच्या फाटकाशी सुरक्षित जागी अर्धा तास बसवा आणि नोंद करू द्या: हेल्मेट पट्ट्यासह डोक्यावर, पट्ट्याविना डोक्यावर, कोपरात किंवा आरशावर, आणि नाहीच. मग मजल्यांचा हिशेब फळ्यावर मांडा. मोजणाऱ्या मुलांना वेगळे बजावण्याची गरज बहुधा उरणार नाही. मात्र त्या नोंदीत शिक्षकांच्या गाड्याही असतील, हे ध्यानात असू द्या!