परभणी परिसरातील देहकल्पना : तालीम, जाते आणि वजनकाटा

पॉल शिल्डर या मनोविकारतज्ज्ञाने १९३५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, स्वतःच्या शरीराचे जे चित्र माणसाच्या मनात असते ते केवळ इंद्रियसंवेदनांतून सिद्ध होत नाही; इतरांच्या नजरेचाही त्यात वाटा असतो. हे मत ग्राह्य धरल्यास देहप्रतिमेच्या इतिहासकाराला प्रथम असे विचारावे लागते की, शरीर पाहतो कोण आणि कोणत्या मापाने?

तालमीपासून आरंभ करू. जत्रेतील कुस्तीला वजनगट नव्हते. उंची, छाती, मानेची जाडी, वय आणि पूर्वी मारलेल्या कुस्त्या यांचा अंदाज घेऊन जाणकार मंडळी नजरेनेच जोड लावीत. जोर, बैठका व मल्लखांब यांनी घडलेले शरीर मुख्यतः दुसऱ्याचा भार पेलण्यासाठी असे. मोडलेला कान व्यंग न ठरता मेहनतीचा दाखला ठरे. ही नजर पुढे वजनकाट्याने बाजूस सारली. १९५२ साली हेलसिंकी येथे खाशाबा जाधव यांनी कांस्यपदक मिळविले ते ५७ किलोंच्या गटात.

दरम्यान आणखी एक नजर आली होती, ती छायाचित्राची. विसाव्या शतकाच्या आरंभी युजेन सँडो हिंदुस्थानात येऊन गेला. त्याच्या चित्रांत प्रत्येक स्नायू वेगळा दिसे आणि दिसणे हेच व्यायामाचे फळ ठरे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी काही वर्षे त्याच्या पद्धतीने व्यायाम केला. पुढे मात्र त्यांनी सूर्यनमस्कारांच्या प्रसाराला वाहून घेतले. सूर्यनमस्काराला साधन लागत नाही, ही गोष्ट गरीब मुलखात लहान नव्हे.

परभणी १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होती, हे येथे विसरता येत नाही. संस्थानात सभा, खासगी शाळा आणि आखाडे यांवर परवानगीचे निर्बंध होते. १९३८-३९ च्या आर्य समाजाच्या सत्याग्रहामागील गाऱ्हाण्यांत आखाड्यांचाही समावेश होता. त्याआधीच, १९३७ साली, तेव्हा परभणी जिल्ह्यात असलेल्या परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली भरले होते. आखाडा काढण्यास जेथे सरकारची अनुज्ञा लागते, तेथे दंड कमावणे ही खासगी बाब उरत नाही. या राजकीय बळाला धार्मिक अभिनिवेशाची धार होती, हेही नाकारण्यात अर्थ नाही. गंमत अशी की, तालीम, वस्ताद, पहिलवान, खुराक हे शब्द अरबी-फारसीतून आलेले. आखाड्याच्या भाषेने ती फाळणी कधी मानलीच नाही.

परंतु प्रस्तुत लेखकास अधिक महत्त्वाचा वाटतो तो या चित्राबाहेर राहिलेला देह. गंगाखेड हे जनाबाईंचे जन्मग्राम. नामदेवांच्या घरची ही दासी दळण-कांडण करी आणि विठ्ठल तिच्या जात्याला हात लावी, अशी परंपरा आहे. जाते ओढताना खांदा, पाठ, कंबर यांना पडणारा ताण कोणत्याही तालमीच्या मेहनतीपेक्षा कमी नाही. तथापि त्यास व्यायाम म्हटले गेले नाही. त्या श्रमाने घडलेल्या शरीराला पाहणारी मानाची नजर मिळाली ती भक्तीच्या प्रांतात, आखाड्यात नव्हे. व्यायाम या संज्ञेत उसंत आणि दुधातुपाचा खुराक हे दोन्ही गृहीत असतात, ही मर्यादा आपल्या व्यायामविषयक वाङ्मयात क्वचितच बोलून दाखविली जाते.

१९७२ च्या दुष्काळात तिचे रूप उघडे पडले. मराठवाड्यातील स्त्रीपुरुष खडी फोडण्याच्या व मातीच्या कामांवर गेले आणि सुकडीवर, परदेशातून आलेल्या मिलोवर त्यांनी दिवस काढले. तेथेही शरीर मोजले जात होतेच. मात्र दंडाच्या घेराने नव्हे, किलोनेही नव्हे, तर फोडलेल्या खडीच्या आणि खोदलेल्या मातीच्या घनमापाने.