आंकड्यांच्या वाटेवरील पहारा

इ. स. २०२० च्या ऑक्टोबर महिन्यांत इंग्लंडमध्यें एक विलक्षण गोष्ट उघडकीस आली. करोनाची साथ त्या वेळीं पुन्हां बळावत होती. देशभरच्या प्रयोगशाळांतून तपासणीचे निकाल पब्लिक हेल्थ इंग्लंड या सरकारी संस्थेकडे येत. तेथें ते एकत्र होत. आणि मग रोग्यांच्या सहवासांत आलेल्या माणसांना सावध करणाऱ्या पथकांकडे त्यांच्या याद्या जात. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या दिवसांतील १५,८४१ रोगी या याद्यांत वेळेवर आलेच नाहींत. प्रयोगशाळांनीं आपलें काम केलें होतें, आणि रोग्यांना स्वतःला निकाल कळलाहि होता. परंतु आलेले निकाल एकत्र करणारी यंत्रणा ते एक्सेलच्या जुन्या धाटणीच्या तक्त्यांत भरीत असे, आणि त्या तक्त्यांत ६५,५३६ ओळींपलीकडे जागाच नसते. एकेका तपासणीस अनेक ओळी लागत. तक्ता भरला कीं पुढच्या ओळी मुकाट्यानें गळून जात, आणि त्याची वार्ता कोणासहि नसे.

या सबंध हकीकतींत एकाहि माणसानें बेरीज चुकविली नव्हती. तथापि रोग्याच्या पंक्तीला जेवलेले पाहुणे, त्याच्या शेजारीं बसून काम करणारे सोबती, यांना सावधगिरीची सूचना कित्येक दिवस उशिरां मिळाली. आणि साथीच्या काळांत एका दिवसाची किंमत काय असते हें आपणांपैकीं कोणास सांगावयास नको.

लिहिलेलें बरोबर असणें ही एक गोष्ट, आणि तें न सांडतां योग्य ठिकाणीं पोंचणें ही दुसरी. या दुसऱ्या गोष्टीची काळजी माणसानें यंत्रावर कां आणि कशी सोंपविली, याचा थोडासा इतिहास आज आपणांपुढें मांडावयाचा आहे. संगणकाच्या धंद्यांत या व्यवस्थेला कंटिन्युअस इंटिग्रेशन, म्हणजे अखंड जुळवणी, आणि तिच्या पुढच्या टप्प्याला कंटिन्युअस डिप्लॉयमेंट, म्हणजे अखंड रवानगी, असें म्हणतात. नांवें अवजड असलीं तरी त्यांमागील विचार साधा आहे.

हा प्रश्न संगणकाहून पुष्कळ जुना आहे. १८२१ सालीं लंडन येथें चार्ल्स बॅबेज व जॉन हर्शेल हे दोघे मित्र ज्योतिर्गणिताचीं कोष्टकें पडताळून पाहात होते. निरनिराळ्या गणकांनीं स्वतंत्रपणें काढलेलीं उत्तरें समोरासमोर ठेवलीं, तों चुकांमागून चुका निघूं लागल्या. त्या वैतागांतून बॅबेज यांना गणित करणाऱ्या यंत्राची कल्पना सुचली, हें पुष्कळांस ठाऊक असतें. परंतु त्या कल्पनेचा दुसरा अर्धा भाग तितकासा प्रसिद्ध नाहीं. गणित बरोबर असलें तरी नक्कल करणारा चुकतो, आणि नक्कल बरोबर असली तरी छापखान्यांत खिळे जुळविणारा चुकतो, हें बॅबेज यांनीं ओळखलें होतें. म्हणून त्यांच्या यंत्रानें उत्तर काढून थांबावयाचें नव्हतें. तें उत्तर छपाईच्या साच्यावरहि त्यानेंच उमटवावयाचें होतें. यंत्र त्यांच्या हयातींत पुरें झालें नाहीं. लंडनच्या सायन्स म्यूझियमनें त्यांच्या आराखड्यांवरून गणिताचा भाग १९९१ सालीं आणि छपाईचा भाग २००२ सालीं उभा केला, आणि बॅबेज यांचा हिशेब खरा ठरला.

विसाव्या शतकांत संगणक आला आणि बेरजेंतील चूक जवळजवळ नाहींशी झाली. परंतु चूक मेली नाहीं. तिनें घर बदललें. संगणकानें काय करावयाचें हें सांगणारा मजकूर, म्हणजे प्रोग्राम, माणूसच लिहितो, आणि तो शेंकडों फाइलींत विखुरलेला असतो. अमेरिकेंतील बेल लॅबोरेटरीज या संशोधनसंस्थेंत मार्क रॉचकाइंड यांनीं १९७२ सालीं अशा मजकुराची प्रत्येक आवृत्ति जपून ठेवणारी व्यवस्था तयार केली. कोणीं, केव्हां आणि काय बदललें, याची ती वहीच म्हणाना. लिनस टोरव्हाल्ड्स यांनीं २००५ सालीं लिहिलेली आणि आज जगभर वापरली जाणारी गिट ही व्यवस्था याच कुळांतील आहे.

त्याच संस्थेंत स्टीव्ह जॉन्सन यांनीं एके दिवशीं सबंध सकाळ एका प्रोग्राममधील चूक शोधण्यांत घालविली. चूक त्यांनीं आधींच सुधारली होती. परंतु सुधारलेली फाइल यंत्राच्या भाषेंत पुन्हां उतरविली गेलीच नव्हती, आणि संगणक बिचारा जुनीच प्रत चालवीत होता. मुद्रितें तपासणाऱ्यांना हा अनुभव नवा नाहीं: दुरुस्ती कागदावर होते, खिळ्यांत होत नाहीं. ही हकीकत ऐकून त्यांचे सहकारी स्टुअर्ट फेल्डमन यांनीं १९७६ सालीं ‘मेक’ नांवाचें साधन लिहिलें. कोणती वस्तु कोणत्या वस्तूपासून होते याची यादी त्याला द्यावयाची. मूळ वस्तु नवी झाली असेल तर तिच्यापासून होणाऱ्या सर्व वस्तु तें आपण होऊन पुन्हां घडवितें. माणसानें लक्षांत ठेवण्याचें काम येथें प्रथम कागदावर, आणि कागदावरून यंत्राकडे गेलें.

पुढची अडचण अनेक हातांची होती. वीस-पंचवीस माणसें एकच मोठा प्रोग्राम वांटून घेत, महिनोन्‌महिने आपापल्या जागीं लिहीत, आणि शेवटीं सर्व भाग जुळवावयास बसत. चार शिंप्यांनीं चार घरीं बसून एकाच अंगरख्याचे भाग शिवावे आणि मुहूर्ताच्या दिवशीं ते जोडावयास घ्यावे, तशांतलाच हा प्रकार. अखंड जुळवणी हा शब्द ग्रेडी बूच यांच्या १९९१ च्या ग्रंथांत आढळतो. १९९९ सालीं केंट बेक यांनीं आपल्या पुस्तकांतून त्याला कडक नियमाचें रूप दिलें: जुळवणी शेवटीं नव्हे, दिवसांतून अनेकवार करावी, प्रत्येक जुळवणीबरोबर सर्व चाचण्या चालवाव्या, आणि एक जरी चाचणी फसली तरी आधीं ती दुरुस्त करावी, मग पुढचें काम. २००० सालीं मार्टिन फाउलर व मॅथ्यू फोमेल यांच्या निबंधानें हा नियम दूरवर पसरला, आणि २००१ पासून तो यंत्राकरवीं पाळून घेणारीं साधनें निघूं लागलीं.

त्यांपैकीं एकाची जन्मकथा मनोरंजक आहे. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनींत कोहसुके कावागुची नांवाचे एक जपानी प्रोग्रामर होते. त्यांनीं पाठविलेल्या मजकुरानें कधीं कधीं सर्वांची जुळवणी मोडे आणि सहकाऱ्यांचा रोष ओढवे. आपली चूक इतरांच्या आधीं आपणांस कळावी, एवढ्याच हेतूनें २००४ सालीं त्यांनीं एक पहारेकरी लिहिला. त्याचें नांव हडसन. पुढें नांवाच्या मालकीवरून तंटा झाल्यामुळें २०११ सालीं तो जेंकिन्स झाला, आणि याच नांवानें तो असंख्य कचेऱ्यांत पहारा करूं लागला.

परंतु जुळलेला प्रोग्राम प्रत्यक्ष वापराच्या जागीं नेऊन बसविणें हें शेवटचें पाऊल बरेच ठिकाणीं हातानेंच पडत असे. त्याचा परिणाम १ ऑगस्ट २०१२ रोजीं अमेरिकेच्या शेअरबाजारांत दिसला. नाइट कॅपिटल या पेढीला आपला नवा प्रोग्राम आठ सर्व्हरांवर चढवावयाचा होता. सातांवर तो चढला. आठव्यावर चढवावयाचा राहिला. दुसऱ्या माणसानें तपासून पाहावें असा लेखी नियम नव्हता. त्या आठव्या सर्व्हरवर २००३ पासून न वापरलेला एक जुना प्रोग्राम निजलेला होता, आणि नव्यासाठीं योजलेली खूण नेमकी त्याला जागें करणारी निघाली. बाजार उघडण्यापूर्वीं संगणकानें ९७ ई-मेल धाडून दोष कळविला होता. परंतु त्या धोक्याच्या सूचना आहेत असें समजून कोणीं त्या वाचल्या नाहींत. घाबरून नवा प्रोग्राम इतर सात सर्व्हरांवरून काढण्यांत आला, तेव्हां तर जुना आठांवरहि चालूं लागला. पंचेचाळीस मिनिटांत चाळीस लाखांवर व्यवहार झाले आणि पेढीला ४६ कोटि डॉलरांहून अधिक तोटा आला. वर्षभरांत तिचें स्वतंत्र अस्तित्व संपलें.

आतां आंकड्यांच्या वाटेकडे वळूं. बँकेचे दिवसभराचे व्यवहार, रेल्वेचीं आरक्षणें, रुग्णालयांचे निकाल हे सर्व रात्रीं गोळा होतात, निवडले जातात, एकमेकांस जोडले जातात, आणि सकाळीं कोणाच्या तरी मेजावर तक्ता होऊन येतात. या साखळीला डेटा पाइपलाइन म्हणतात. पुष्कळ वर्षें तिचीं पावलें क्रॉन नांवाच्या युनिक्समधील साधनानें घड्याळाच्या कांट्यावर चालत. क्रॉन हा सहा वाजले म्हणून चहाचें आधण ठेवणारा नोकर. दूध आलें कीं नाहीं हें तो पाहात नाहीं. २०१४ सालीं एअरबीएनबी या कंपनींत मॅक्सिम बोशमँ यांनीं एअरफ्लो हें साधन सुरू केलें आणि पुढच्या वर्षीं तें सर्वांस खुलें झालें. मागलें पाऊल यशस्वी झाल्याखेरीज पुढचें पडूं नये, ही त्याची एक सोय. याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं पावलांचा सारा क्रम तेथें प्रोग्रामच्या मजकुरांत लिहिलेला असतो. जें मजकुरांत आलें, त्याची आवृत्ति ठेवतां येते, चाचणी घेतां येते, आणि रवानगीहि यंत्राकडे देतां येते.

आज एखाद्या सुव्यवस्थित कचेरींत हें काम पुढीलप्रमाणें चालतें. एकानें साखळींत बदल केला कीं तो प्रथम आवृत्त्यांच्या वहींत नोंदविला जातो. लगेच यंत्र एक कोरी जागा उघडतें, तेथें सारें साहित्य नव्यानें मांडतें, आणि थोड्याशा नमुन्याच्या आंकड्यांवर साखळी चालवून अपेक्षित उत्तर येतें कीं नाहीं तें पाहतें. मग दुसरा माणूस बदल वाचून संमति देतो. त्यानंतर तालमीच्या जागीं एक प्रयोग होतो, आणि तो साधला म्हणजे तोच मजकूर, एकहि अक्षर न बदलतां, प्रत्यक्ष वापरांत जातो. आठ सर्व्हर असोत वा आठशें, यादींतील एकहि सुटत नाहीं. सुटलाच तर यंत्र तसें सांगून थांबतें.

तथापि आंकड्यांच्या कामांत एक अधिकची अडचण आहे. प्रोग्राम एकदां तपासला म्हणजे तो उद्यांहि तोच असतो. आंकडे मात्र रोज सकाळीं नवे येतात. शिवाय चुकीचा प्रोग्राम मागें घेणें क्षणाचें काम असलें, तरी त्यानें रात्रभर लिहून ठेवलेले चुकीचे आंकडे आपोआप पुसले जात नाहींत. म्हणून जाणते लोक दोन पथ्यें पाळतात. आलेली मूळ माहिती न बदलतां जपून ठेवावयाची, हें पहिलें. दुसरें असें कीं प्रत्येक पाऊल दोनदां चाललें तरी फळ एकदां चालल्यासारखेंच यावें, म्हणजे चुकलेली रात्र निर्धास्तपणें पुन्हां चालवितां येते.

एवढें सर्व यंत्राच्या हातीं दिलें म्हणजे माणसानें निश्चिंत निजावें काय? १९ जुलै २०२४ चा दिवस याचें उत्तर देतो. क्राउडस्ट्राइक या संगणकांचें संरक्षण करणाऱ्या अमेरिकन कंपनीनें जगभरच्या विंडोज संगणकांकडे एक फाइल धाडली. ती प्रोग्राम नव्हती. प्रोग्रामला पुरवावयाची माहिती होती. रवानगी स्वयंचलित होती, तपासनीसहि स्वयंचलित होता. परंतु तपासनीसांतच दोष असल्यामुळें त्यानें ती बिनचूक ठरविली. आधीं थोड्या संगणकांवर पाठवून पाहावें आणि मग सर्वांकडे, ही पायरी या जातीच्या फाइलींना लावलेलीच नव्हती. अठ्ठ्याहत्तर मिनिटांनीं फाइल मागें घेतली गेली. तोंवर, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणें, सुमारें ८५ लाख संगणक बंद पडले होते, आणि त्यांतील पुष्कळ माणसांना एकेक करून हातानें दुरुस्त करावे लागले. भारतांतील कांहीं विमानतळांवरहि त्या दिवशीं प्रवाशांना हातानें लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. जें यंत्र बरोबर वस्तु सर्वांकडे एकाच वेळीं पोंचवितें, तेंच चूकहि तितक्याच तत्परतेनें पोंचवितें.

श्रोतेहो, पहारेकरी आपण शिकविलेलेच प्रश्न विचारतो. न शिकविलेला प्रश्न त्याला सुचत नाहीं. नवी प्रत घडविली काय, हा प्रश्न जॉन्सन यांच्या वायां गेलेल्या सकाळीनें शिकविला. आठहि जागीं पोंचली काय, हा नाइट कॅपिटलच्या तोट्यानें. आधीं थोड्यांवर पाहिलें काय, हा त्या जुलैच्या दिवसानें. आणि ओळी किती आल्या व किती पुढें गेल्या, हा इंग्लंडच्या हरवलेल्या रोग्यांनीं. या शेवटच्या प्रश्नाला संगणकशास्त्राचें फारसें ज्ञान लागत नाहीं. घरखर्चाची वही लिहिणारी गृहिणीहि तो रोज विचारते. तेथें निकाल वाहून नेणारी यंत्रणा स्वयंचलित होती. हा प्रश्न मात्र तिच्या वाटेवर कोणीं लिहून ठेवला नव्हता. ठेवला असता, तर ज्या रात्रीं पहिली ओळ गळली त्याच रात्रीं काम थांबलें असतें, आणि हजारों घरांना जो निरोप उशिरां मिळाला तो वेळेवर मिळाला असता.