लिथॉप्सचा शोध नेमका कधी लागला?

लिथॉप्सच्या शोधाचं साल शोधलंत तर बहुतेक ठिकाणी १८११ मिळेल. ते टिपून पुढे जाण्याआधी जरा थांबा.

सप्टेंबर १८११ मध्ये विल्यम बर्चेल हा इंग्रज निसर्ग-अभ्यासक दक्षिण आफ्रिकेत, प्रिस्काजवळ बैलगाड्या घेऊन फिरत होता. खडकाळ जमिनीवरून त्याने विचित्र आकाराचा गोटा उचलला, तर ती निघाली वनस्पती! दोन जाड मांसल पानं, मधे फट, रंग भोवतालच्या खड्यांसारखा. या रंगामुळे चरणाऱ्या जनावरांपासून ती वाचत असावी, सरड्यासारखी, असं त्याने १८२२ च्या प्रवासवर्णनात लिहिलंय. डार्विन तेव्हा तेरा वर्षांचा. म्हणून लगेच बर्चेलला 'डार्विनचा पूर्वसूरी' करून टाकू नका हं. त्याचं स्पष्टीकरण निसर्गाच्या योजनेचं आहे, निवडीचं नाही. प्रबंधात अशी घाई फार होते.

छापील नाव आलं १८२१ मध्ये, हॉवर्थकडून: मेसेम्ब्रिॲन्थेमम टर्बिनिफॉर्म. 'लिथॉप्स' ही स्वतंत्र प्रजाती मात्र क्यूच्या एन. ई. ब्राउन यांनी १९२२ मध्ये केली. म्हणजे बर्चेलने जे उचललं ते त्याच्या लेखी लिथॉप्स नव्हतंच.

आणि खरी गोची पुढेच आहे. बर्चेलचं चित्र नि ते त्रोटक वर्णन यांवरून ती नेमकी कोणती जाती, हे खात्रीने ठरत नाही. त्यामुळे प्रजातीतलं सगळ्यात जुनं नाव आज संशयित म्हणून बाजूला पडलंय. नोंद अपुरी, तर नावही लटकतं.

ही उणीव भरून काढली देझमंड कोल यांनी, आणि ते होते भाषाशास्त्राचे प्राध्यापक! त्यांचं त्स्वाना भाषेचं व्याकरण १९५५ चं. पत्नी नॉरीन यांच्यासोबत रानोमाळ हिंडून त्यांनी लिथॉप्सच्या एकेका वसाहतीला क्रमांक दिला. हौशी लोक आजही बियांच्या पाकिटावर 'कोल क्रमांक' लिहितात. छापील यादीत ठिकाण मात्र 'अमुक गावापासून इतके किलोमीटर' असं ढोबळच, त्यावरून वसाहत सहज सापडायची नाही. दक्षिण आफ्रिकेत अशा मांसल वनस्पतींची चोरी अलीकडे बरीच वाढलीय, हे लक्षात घेतलं तर तो ढोबळपणा खटकत नाही.

तुम्ही दुर्मिळ वनस्पतींवर काम करणार असाल, तर परिशिष्टात जीपीएसचे आकडे टाकण्याआधी मार्गदर्शकांशी बोलून घ्या. नेमकी नोंद हर्बेरियममध्ये ठेवा, छापताना तालुका पुरे.