शिरूर व दौंड तालुक्यांतील स्थलांतर आणि शिक्षणाची जडणघडण

प्रस्तावना
पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर व दौंड हे तालुके पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतात. येथील शिक्षणाचा इतिहास बहुधा गावोगावच्या शाळांच्या स्थापनेवरून मांडला जातो. बाहेरून आलेल्या समूहांचा त्यातील वाटा मात्र दुर्लक्षित राहतो. प्रस्तुत लेखात या वाट्याचा विचार केला आहे.

छावणी आणि पेठ
१८०२ च्या वसईच्या तहानंतर घोड नदीकाठी शिरूर येथे इंग्रजांच्या तैनाती फौजेची छावणी पडली. पुढे एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशनने येथे ठाणे केले. सर दिनशॉ माणेकजी पेटिट यांच्या नावाच्या औद्योगिक शाळेत सुतारकाम व घायपाताच्या वाखाचे काम शिकविले जाई. स्थायिक झालेल्या व्यापारी घराण्यांनी शिक्षणास दिलेला आश्रय चांदमल ताराचंद बोरा महाविद्यालयाच्या नावातून आजही दिसतो.

केडगावचे मुक्ती सदन
१८५८ मध्ये पुण्याचा लोहमार्ग दौंडपलीकडे दिक्सळपर्यंत पोहोचला. याच मार्गावरील केडगाव येथे पंडिता रमाबाईंनी जमीन घेतली होती. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून निराधार मुली आणल्या. पुण्यातील प्लेगविषयक निर्बंधांमुळे त्यांना शहरात ठेवणे अशक्य झाले व केडगावी वसाहत उभी राहिली. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतील मुलींची त्यात भर पडली. भिन्न भाषा बोलणाऱ्या या मुलींना लेखनवाचनाबरोबरच विणकाम, शेती व छपाईचे शिक्षण मिळाले. परतण्यास घर नसलेल्या मुलींसाठी शाळा, निवास आणि उपजीविका यांची एकत्र व्यवस्था करणे क्रमप्राप्त होते. मुक्ती सदनाचे शैक्षणिक महत्त्व या एकात्मतेत आहे.

हंगामी स्थलांतर
कालव्याच्या पाण्यावर ऊस वाढला. पाटस व न्हावरे येथे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. बीड, अहिल्यानगर आदी जिल्ह्यांतील ऊसतोड कुटुंबे हंगामात या पट्ट्यात येऊ लागली. दिवाळीनंतर गाव सोडणाऱ्या मुलाचे नाव एका शाळेच्या पटावर, तर मूल दुसऱ्याच तालुक्यातील कोपीवर, अशी स्थिती निर्माण होते. साखरशाळा आणि मूळ गावातील हंगामी वसतिगृहे हे त्यावरील उपाय. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा बदलण्याचा हक्कही दिला. तथापि दाखला हाती आला तरी फडापासून शाळेचे अंतर, धाकट्या भावंडांचा सांभाळ आणि फडांची सततची फिरती या अडचणी सुटत नाहीत.

निष्कर्ष
पेठेतील व्यापारी स्थायिक झाले आणि शिक्षणसंस्थांचे आश्रयदाते बनले. केडगावच्या मुलींपाशी धन नव्हते. परंतु त्यांच्या परिस्थितीस अनुरूप शाळा रमाबाईंनी घडविली. ऊसतोड कामगारांच्या मुलांकडून मात्र स्थिर वस्तीसाठी आखलेल्या शाळेशी जुळवून घेण्याची अपेक्षा केली जाते. शिक्षण, निवास व पालकांचे काम यांचा एकत्रित विचार करण्याचा केडगावचा धडा त्याच दौंड तालुक्यातील उसाच्या फडांना आजही लागू पडतो.