वाखाची विजार आणि हवेची ऊब

हल्ली हेंपच्या मऊ, लव असलेल्या कापडाच्या सैल विजारी नवलाईची वस्तू म्हणून विकल्या जातात. हेंप म्हणजे भांगेचेच झाड. मात्र वाखासाठी लावायच्या वाणांत नशेचे द्रव्य अगदी थोडे असते. कोरियात या वाखाचे कापड शतकानुशतके सामान्यांच्या अंगावर होते. तेथे त्याला 'साम्बे' म्हणतात आणि सैल विजारीला 'बाजी'.

साम्बे कष्टाने तयार होई. झाडे कापून वाफवायची, साल सोलायची, ती नखांनी चिरायची, धाग्यांची टोके मांडीवर वळून जोडायची आणि मग विणायला बसायचे. हे काम मुख्यतः बायकांचे. एवढे करूनही कापड राठच राही, कारण वाखातील तंतू पेक्टिन व लिग्निन यांनी एकमेकांना चिकटलेले असतात. राठ कापड अंगाला चिकटत नाही, वारा खेळू देते. उन्हाळ्यात हा गुण. पण कोरियाच्या हिवाळ्यात पाणी गोठते. श्रीमंत लोक कपड्यांत रेशमाचा थर भरत. गरिबांच्या वाट्याला थंडी येई.

१३६० च्या दशकात मुन इक-जॉम याने चीनहून कापसाचे बी आणले आणि त्याच्या सासऱ्याने ते रुजवले. कापसाचे तंतू आखूड व पिळदार असतात. पिंजल्यावर त्यांच्यात हवा अडकते आणि स्थिर हवा उष्णतेची मंद वाहक असते. दुपदरी बाजीत कापूस भरता येऊ लागला, तशी सामान्यांनाही ऊब मिळाली. साम्बे हळूहळू उन्हाळी कपडे व सुतकाचा वेष यांकडे वळले.

आज रसायनांनी किंवा विकरांनी पेक्टिन काढून तंतू सुटे करतात, पुष्कळदा कापसात मिसळून सूत काततात आणि कापडावर बारीक तारांचे रूळ फिरवून लव उठवतात. त्या लवेत हवा अडकते. म्हणजे कापसाचाच गुण वाखाला दिला. मात्र लव उठवताना काही तंतू तुटतात आणि कापड थोडे कमजोर होते. मऊपणा फुकट मिळत नाही.

ऊब झाडात नसून अडकलेल्या हवेत असते, हे आपण वर्गातही पाहू शकतो. हेंप नको, आपली अंबाडी पुरे. तिची पाने भांगेसारखी, म्हणून शास्त्रीय नावात 'कॅनाबिनस' आले. सारख्याच गरम पाण्याच्या दोन बाटल्या घ्याव्यात. एकीवर अंबाडीचा दोर घट्ट गुंडाळावा, दुसरीवर तेवढ्याच वजनाचा वाख पिंजून सैल बांधावा. अर्ध्या तासाने कोणते पाणी अधिक गरम राहिले, ते मुलांनाच तापमापकावर वाचू द्यावे.