अंगणातून अक्षराकडे

१९५६ पूर्वी जबलपूर आणि अमरावती ही दोन्ही शहरे एकाच राज्यात होती. राजधानी नागपूर आणि राजभाषा हिंदी व मराठी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला, जबलपूर नव्या मध्यप्रदेशात राहिले. कचेरी आणि न्यायालयाचे व्यवहार हिंदी-इंग्रजीत, बाजार तर आधीपासूनच हिंदीत. येथील मराठीला आधार उरले ते घर आणि शाळा हे दोनच. त्या दोहोंच्या मध्ये जो दुवा आहे, त्या बालवाडीचा इतिहास म्हणूनच पाहण्याजोगा आहे.

ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांची विवाहानंतरची काही वर्षे त्याच अमरावतीत गेली. पुढे भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात त्यांनी मुलांकडे पाहण्याची नवी दृष्टी घेतली आणि १९२६ मध्ये दोघांनी नूतन बालशिक्षण संघ उभारला. मात्र त्यांच्या विचाराची खरी कसोटी लागली ती १९४५ मध्ये बोर्डी येथे. सोबत होत्या अनुताई वाघ. वारली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावर, त्यांच्या अंगणात गेली. अंगणवाडी ती हीच. सरकारच्या १९७५ च्या एकात्मिक बालविकास योजनेने हा शब्द देशभर नेला. पुढे कोसबादच्या टेकडीवर गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही निघाली. महागडी साधने नव्हती. शंखशिंपले, बिया, खडे, पाने यांवरच काम चाले. घरची बोली एक, पुस्तकाची मराठी दुसरी, अशी ही मुले होती. त्यांच्यापुढे प्रथम पाटी ठेवली असती तर ती पुन्हा रानात पळाली असती. आधी स्नान, गाणे, गोष्ट, गप्पा, अक्षर त्यामागून.

मॉन्टेसरी पद्धतीतही खरखरीत कागदाच्या अक्षरावरून मूल बोट फिरवते, तोंडाने त्याचा ध्वनी उच्चारते आणि वाचण्याआधीच लिहू लागते. आपल्याकडचा ‘ग म भ न’ हा क्रमही वर्णमालेचा नव्हे. हाताला सोप्या, एकमेकांसारख्या आकारांचा तो क्रम आहे. परंतु हात कितीही वळला, तरी कानावरून न गेलेला शब्द डोळ्यांना कळत नाही.

जबलपूरच्या बालकाची अडचण येथेच आहे, आणि ती चटकन दिसत नाही. लिपी एकच असल्याने पालकांना वाटते, हिंदी वाचता आले की मराठी आपोआप येईल. पण ‘चहा’तला च आणि ‘चाक’तला च निराळे, हा भेद लिपी दाखवीत नाही, तो कानानेच शिकावा लागतो. ‘ळ’ हिंदीच्या रोजच्या बोलण्यात नाही, नपुंसकलिंगही नाही. ‘शिक्षा’ म्हणजे हिंदीत शिक्षण, मराठीत दंड! (काही शाळांत दोन्ही अर्थ एकच होतात, ती गोष्ट वेगळी.)

दोन भाषांच्या सरमिसळीने मूल गोंधळेल, अशी भीती अनेक घरांत असते आणि त्या भीतीपोटी घरातली मराठीच बंद केली जाते. हा उपाय रोगापेक्षा वाईट. गल्लीतली हिंदी मुलाला कोणी शिकवावी लागत नाही. मराठी मात्र कोणी बोलले तरच मिळते. त्यासाठी वेगळा तास नको. पोहे निवडताना, कपड्यांच्या घड्या घालताना वस्तूंची नावे यावीत, त्यांवर प्रश्न निघावेत. नागपूरकडच्या आजीने ‘सराटा’ म्हणावे, पुण्याच्या मावशीने ‘उलथणे’; मुलाचे नुकसान होत नाही, एक शब्द वाढतो. रोज एक गोष्ट मोठ्याने वाचावी, ओळीवरून बोट फिरवावे, मधेच थांबून ‘आता काय होईल?’ असे विचारावे. तीच गोष्ट मुलाने दहाव्यांदा मागितली तर कंटाळू नये. पुढचा शब्द तेव्हा तेच सांगू लागते.

चुकीची दुरुस्तीही बोलण्याच्या ओघात व्हावी. ग्वारीघाटावर मूल म्हणते, “आई, ती नाव बघ ना!” मराठीत नाव म्हणजे काय, याचा पाठ तेथे देण्याचे कारण नाही. “हो, होडी निघाली बघ गुरुद्वाराकडे. कितीजण बसलेत होडीत?” एवढे म्हटले की मूल माणसे मोजू लागते, आणि पुढच्या वाक्यात बहुधा ‘होडी’ असते.